दोष सुरीचा

आमच्या स्वयंपाकघरात सध्या चार उत्तम सुऱ्या आहेत आणि भाजी धड चिरणारा माणूस नाही. परिस्थिती याच्या बरोबर उलट होती तेव्हा घर व्यवस्थित चाललं होतं. मधे जे घडलं त्याला मी खरेदी म्हणतो, बायको ‘तुमचा उद्योग’ म्हणते, आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, काहीच म्हणत नाहीत. तिन्हींत हे शेवटचंच ऐकायला सर्वांत जड जातं.

अण्णा तयार कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. कापडाचे थर एकावर एक रचायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि सगळे थर एकदम कापायचे. रेघ जराशी चुकली तर एका शर्टाचं नव्हे, गठ्ठ्याच्या गठ्ठ्याचं वाटोळं. आपली रेघ कधी चुकली नाही असं ते स्वतः म्हणत नसत, पण दुसऱ्या कुणी म्हटलं तर अडवतही नसत. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातल्या कापण्याजोग्या सगळ्या गोष्टी ताब्यात घेतल्या. पुठ्ठे, दोऱ्या, औषधाच्या गोळ्यांची पाकिटं आणि शेवटी भाजी. सकाळी चहा झाला की टेबलाच्या खिडकीकडच्या बाजूला त्यांची खुर्ची, समोर लाकडी पाट, डावीकडे न चिरलेलं, उजवीकडे चिरलेलं. बटाट्याच्या फोडी अशा एकसारख्या की एक शिजली की सगळ्या शिजल्या. पाहुणे जेवणाची तारीफ करू लागले की बायको म्हणायची, “चिरण्यात आहे सगळं,” आणि अण्णा पाण्याचा पेला उगाचच उचलून परत ठेवायचे.

एके दिवशी सकाळी मी डबा भरत असताना टोमॅटो चिरडल्याचा आवाज आला. टोमॅटोला आवाज असतो हे तोवर मला माहीत नव्हतं. अण्णांच्या पाटावर चकत्यांऐवजी लगदा होता आणि रस टेबलाच्या कडेवरून खाली थेंब थेंब पडत होता.

“सुरी गेली,” अण्णा म्हणाले.

“गेलीच हो ती,” बायको ओट्याजवळून मागे न बघता म्हणाली. “कधीची बोथट झालीये. असू द्या, टोमॅटो काय, शिजून एकच होतो.”

एवढंच. दोन माणसांचं एका वस्तूबद्दल एकमत झालं होतं आणि विषय मिटला होता. तिथे तिसऱ्याने तोंड घालायची गरज नव्हती. पण तो तिसरा माणूस एका बऱ्यापैकी मोठ्या कार्यालयाच्या खरेदी विभागात नोकरीला होता.

आमच्या विभागात पिन विकत घ्यायची असली तरी तीन दुकानांची दरपत्रकं मागवतात, तुलनात्मक तक्ता होतो, नमुने तपासले जातात आणि मगच पिन येते. तोपर्यंत जिला ती हवी असते ती व्यक्ती कधी कधी निवृत्त झालेली असते, पण पिन चांगली असते. आलेल्या मालावर मी शिक्का मारतो : ‘तपासून घेतले, दोष नाही.’ त्या शिक्क्यावर माझा जीव आहे. बाहेरच्या जगात कुणीच काही तपासून घेत नाही, आणि मग सगळे रडत बसतात, असं माझं जुनं मत.

“मी आणतो सुरी,” मी जाहीर केलं. “पण नीट बघून.”

बायको वळली. “एक सुरी आणायचीये. कोपऱ्यावरून आणा आणि ठेवा पाटावर. बघून काय करायचंय?”

“स्वस्त वस्तूतच बघावं लागतं. महाग वस्तूची काळजी बनवणारा घेतो, स्वस्त वस्तूची आपल्यालाच घ्यावी लागते.”

“अहो, ऐका माझं. एकच आणा.”

हे ती काटकसरीने म्हणते आहे असं मला वाटलं. लग्नाला इतकी वर्षं होऊनही बायकोचं बोलणं कोणत्या खात्यात नोंदवायचं हे मला कळत नाही.

कोपऱ्यावरच्या भांडीवाल्याकडे स्वस्त सुऱ्या एका प्लास्टिकच्या बादलीत, पाती खाली आणि मुठी वर अशा उभ्या करून ठेवलेल्या असतात. लाल, पिवळ्या, हिरव्या, काळ्या मुठी. लांबून फुलदाणीच वाटते. मी एकेक उपसून पातं वाकवून बघू लागलो. मुठीत पातं किती आत गेलंय ते रिबिटांवरून अदमासलं. नखाने टिचकी मारून नाद ऐकला. भांडीवाल्याने बराच वेळ कानाडोळा केला, मग त्याला राहवेना.

“साहेब, गाणं बसवायचंय का?”

“पातं कशाचं आहे?”

“लोखंडाचं.”

“स्टेनलेस?”

“तसं लिहिलेलं आहे.”

“गंजणार नाही ना?”

“पुसून ठेवली तर नाही गंजणार. पुसून ठेवलं तर काहीच गंजत नाही.”

“आणि गॅरंटी?”

त्याने माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं पाहिलं. “या भावात तुम्हाला सुरी हवी की गॅरंटी, एक काय ते ठरवा.”

मी प्रत्येक प्रकारची एक अशा आठ सुऱ्या घेतल्या. “हॉटेल काढताय?” त्याने विचारलं. मी उत्तर दिलं नाही. दुकानदाराशी संबंध सौजन्याचे पण अंतर राखून असावेत, हा आमच्या विभागाचा नियम आहे.

आठ सुऱ्या टेबलावर मांडल्या तेव्हा अण्णा खूश झाले. त्यांनी चष्मा लावला आणि एकेकीची धार उजेडाकडे धरून डोळा मिटून पाहिली, कारखान्यात पाहत असत तशी. “हिरवीची मूठ जाणार,” ते म्हणाले. हिरवीची मूठ पहिल्याच धुण्यात गेली. मूठ माझ्या हातात आणि पातं मोरीत. अण्णा दिवसभर प्रसन्न होते.

बातमी समोरच्या काकूंना लागली. आमच्या मजल्यावर बातमी लागायला दार उघडं असावं लागत नाही.

“सुरी कधी महागाची घेऊच नये,” काकू आत येत येत म्हणाल्या. “सुरी कशाने जाते? धार जाऊन नाही जात. सालांबरोबर कचऱ्यात जाते. माझ्या आजवर जेवढ्या सुऱ्या गेल्या त्या सगळ्या दुधी भोपळ्याच्या सालांखाली गेल्या.”

“दाते असलेली घ्या,” त्यांनी पुढे सांगितलं. मग, “दाते असलेली मात्र घेऊ नका, पाव सोडून काही कापत नाही.” काकूंच्या सल्ल्याचा हाच मोठा गुण, तो कधी एकांगी नसतो.

वरच्या मजल्यावर राहतात ते निवृत्त हिशेबतपासनीस. त्यांना सगळे ऑडिटरच म्हणतात, त्यांची नातवंडंसुद्धा. ते मात्र शास्त्रीय माणूस. कागद हवेत धरून कापायचा, तो फाटला की सुरी नापास, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या देखरेखीखाली मी आठवड्याभराचं वर्तमानपत्र कापलं, त्यात अण्णांनी न वाचलेलं त्या दिवसाचंही गेलं. मग ते म्हणाले, “खरी परीक्षा हाताच्या केसांवर. धार खरी असेल तर केस नुसते उडतात.”

माझ्या डाव्या हातावर चौकोनी चौकोनी टक्कल पडलं. ऑफिसात दुसऱ्या दिवशी मला जेवायला एकट्याला टेबल मिळालं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी हळूच विचारलं, “औषध चालू आहे ना?” सुरीची धार तपासत होतो, असं मी खरं ते सांगितलं, तेव्हा त्या आपला डबा घेऊन आणखी एक टेबल पलीकडे गेल्या.

या चाचण्यांत तीन सुऱ्या बाद झाल्या. एकीचं पातं वाकलं ते वाकलंच, एकीवर गंजाचे ठिपके आले, आणि दातेवाली कागदच नव्हे तर वर्तमानपत्राखालचं टेबलक्लॉथही घेऊन गेली. हिरवी आधीच गेली होती. उरल्या चार. यांच्यात मला फरक सापडेना, आणि खरेदी विभागातला माणूस फरक सापडल्याशिवाय झोपू शकत नाही. मग सुचलं, वजन! पात्याकडचा भार आणि मुठीकडचा भार यांचा तोल नेमका काय आहे ते बघू. घरात तसा काटा नव्हता, पण ऑफिसच्या टपाल विभागात होता, पत्रांची तिकिटं ठरवायचा, अगदी नाजूक.

चार सुऱ्या टॉवेलमध्ये गुंडाळून डब्याच्या पिशवीत घातल्या आणि निघालो. त्या दिवसापर्यंत मी ऑफिसच्या फाटकातून रोज गेलो होतो आणि मला कुणी काही विचारलं नव्हतं. पण त्याच महिन्यात पिशव्या आतून दाखवणारं यंत्र बसवलं होतं. यंत्राची खरेदी मीच तपासून घेतली होती. ते उत्तम चालत होतं.

सुरक्षा अधिकाऱ्याने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “हे काय आहे साहेब?”

“सुऱ्या.”

“किती?”

“दिसतायत ना. चार.”

“एक असती तर मी म्हटलं असतं, सफरचंद खाणार असाल. चार सफरचंदं दिसत नाहीत.”

“वजन करायचंय.”

“कुणाचं?”

“सुऱ्यांचं!”

मागे रांग लागली होती. रांगेत माझ्याच विभागातले दोघे होते, आणि ते मला ओळखत नसल्यासारखे छताकडे बघत होते. अधिकाऱ्याने मला बाजूला घेतलं. सुऱ्या आत नेता येणार नाहीत, पण परत घरी नेऊन ठेवायलाही जाता येणार नाही, कारण धारदार वस्तू एकदा यंत्रात दिसली की तिची नोंद होते आणि ती संध्याकाळपर्यंत ताब्यात राहते. परत मिळण्यासाठी विभागप्रमुखाची सही. नियम चोख होता. दुसऱ्या कुणाच्या बाबतीत तो लावला असता तर मी त्याची तारीफ केली असती.

विभागप्रमुखांनी सही करायच्या आधी दार लोटून घेतलं. “बसा,” ते म्हणाले. “घरी सगळं ठीक आहे ना?”

“हो सर.”

“वहिनी ठीक आहेत? वडील?”

“वडिलांसाठीच आणल्यात सुऱ्या.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग मी टोमॅटोपासून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि सही करता करता म्हणाले, “तुमच्या बऱ्याच रजा शिल्लक आहेत. घेत चला.”

संध्याकाळी सुऱ्या मिळाल्या त्या ओळखू येईनात. नियमाप्रमाणे प्रत्येक वस्तूवर क्रमांक लावायला हवा, आणि गुळगुळीत प्लास्टिकवर क्रमांक चिकटत नाही, म्हणून सुरक्षा अधिकाऱ्याने सगळ्या मुठी पार्सलच्या खाकी चिकटपट्टीने वरपासून खालपर्यंत गुंडाळल्या होत्या आणि त्यावर एक, दोन, तीन, चार लिहिलं होतं. लाल कुठली, काळी कुठली, काही पत्ता नाही. पाती तर जवळजवळ सारखीच. ती चिकटपट्टी घरी निघेना. उकळत्या पाण्याने नाही, तेलाने नाही. नुसता चिकट राडा झाला.

मी कपाळाला हात लावून बसलो होतो, पण ऑडिटर उभ्या उभ्या हरखले. “अहो, हे तर वरदान आहे! आता कोणती सुरी कोणती, कुणालाच माहीत नाही. भाव माहीत नाही, रंग माहीत नाही. पूर्वग्रह संपला! आता होईल ती खरी चाचणी.”

योजना त्यांनी तिथेच सांगितली. चार सुऱ्या, चार माणसं. प्रत्येकाने प्रत्येक सुरीने एकेक टोमॅटो चिरायचा. चकत्या वेगवेगळ्या ताटलीत. ताटलीच्या मागे चिरणाऱ्याची खूण, म्हणजे गोंधळ नको. ऑडिटर स्वतः बाहेरच्या खोलीत बसणार, कुणी चिरलं हे न बघता गुण देणार. चिरणारे कोण? मी, बायको, समोरच्या काकू.

“आणि मी,” अण्णा म्हणाले.

“तुम्ही तर हवेतच,” मी म्हणालो. “सुरी तुमच्यासाठीच आहे.”

बायकोने माझ्याकडे बघितलं. “अण्णा कशाला? त्यांना दगदग. त्यांना त्यातली एक देऊन टाका, कुठलीही. चांगल्या आहेत सगळ्या.”

“चांगल्या आहेत हे सिद्ध कुठे झालंय?”

“माझ्या स्वयंपाकघरात सिद्ध कशाला व्हायला हवंय?”

“दगदग कसली त्यात सूनबाई,” अण्णा हसून म्हणाले. “चार टोमॅटो. मी शर्टांचे गठ्ठे कापलेत.”

रविवारी सकाळी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून आले. बाह्या दोन घड्या घालून वर केल्या, दोन्ही बाजूंना सारख्या. काकूंनी स्वतःच्या ताटल्या आणल्या, कारण आमच्या सोळा ताटल्या एकसारख्या नव्हत्या आणि ऑडिटरना एकसारख्या हव्या होत्या. बायकोने टोमॅटो काढले. तिने मऊ टोमॅटो बाजूला काढून कडक तेवढे अण्णांपुढे ठेवायला सुरुवात केली, ते माझ्या लक्षात आलं. “असं चालत नाही,” मी तिला सांगितलं, आणि सगळे टोमॅटो एकत्र करून समान वाटले. मी किती दक्ष होतो हे कळावं म्हणून सांगतोय.

चिरायला आम्ही चौघे टेबलाला बसलो. काकू चिरता चिरता त्यांच्या भाचीच्या सासूची हकीकत सांगत होत्या. मी जीभ बाहेर काढून चिरत होतो, असं नंतर कळलं. बायको झरझर संपवून मोकळी झाली. अण्णा पाटावर वाकले होते. मी माझ्या ताटलीत गुंतलो होतो, त्यामुळे त्यांचा हात मी पाहिला नाही. सुरी पाटावर आपटल्यासारखा बारीक आवाज मधूनमधून यायचा, तो मी क्रमांक दोनच्या तोलातला दोष म्हणून मनात टिपून ठेवला. मग तोच आवाज क्रमांक तीनलाही आला.

ऑडिटरनी बाहेर बसून गुण दिले. जाड-बारीक, सालीची फाट, रसाची गळ, असे रकाने. एकेक ताटली मी आणि काकू नेऊन देत होतो. सगळ्या झाल्या तेव्हा त्यांनी प्रत्येक सुरीची बेरीज केली, ती पुन्हा केली आणि चष्मा कपाळावर सारला.

“चमत्कारिक आहे. चारही सुऱ्या सारख्या. दोन-चार गुणांचा फरक, तो काही फरक नाही.”

माझा चेहरा पडला. इतक्या खटाटोपानंतर निकाल शून्य. मग ऑडिटर म्हणाले, “पण एक बघा. प्रत्येक सुरीच्या चार ताटल्यांत तीन बऱ्या आहेत आणि एक अगदीच गेलेली. प्रत्येक सुरीला एक.”

“म्हणजे कारण सुरीत नाही,” मी ताडकन म्हणालो. हे शोधल्याचा मला आनंद झाला होता, तो आनंद मला अजून आठवतो. “दुसऱ्या कशात तरी आहे. ताटल्या उलटून खुणा बघा. आता सुरीप्रमाणे नको, माणसाप्रमाणे लावू.”

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पुढे आली आणि तिने भराभर ताटल्या एकात एक घालायला सुरुवात केली. “झालं ना? पुरे आता. काकूंच्या ताटल्या धुवून द्यायच्यात. रस वाळला की निघत नाही.”

“हात लावू नकोस!” मी ओरडलो. घरात मी इतक्या जोरात सहसा ओरडत नाही. “चाचणी अर्धवट सोडायची म्हणजे केलेलं सगळं वाया. ठेव त्या.”

तिने ठेवल्या. इतक्या हळू ठेवल्या की एकीचाही आवाज झाला नाही.

मी खुणा बघत बघत चार रांगा लावल्या. काकूंची रांग जाडजूड पण प्रामाणिक. बायकोची नेटकी. माझी, मी म्हटलं तर चालेल, बरी. चौथी रांग लावून झाल्यावर मी मागे सरकलो आणि मग मला दिसलं. चारही ताटल्यांत साल एकीकडे आणि गर एकीकडे होता. जिथे चकत्या उरल्या होत्या तिथे त्या एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला कागदासारख्या, नागमोडी.

ऑडिटर आपले कागद एका मापाचे करत बसले. काकू म्हणाल्या, “गॅसवर काहीतरी ठेवून आलेय मी,” आणि गेल्या. त्यांच्या घरून जळल्याचा वास वगैरे काही येत नव्हता.

अण्णा स्वयंपाकघरातून बाहेर आले. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला आणि हात पाठीमागे बांधून रांगेवरून चालत गेले, कारखान्यात तयार मालावरून जात तसे. पहिली रांग, दुसरी, तिसरी. चौथीपाशी ते जरा वाकले. मग सरळ झाले.

“हा लॉट परत,” ते म्हणाले.

“अण्णा, टोमॅटोच तसे—” बायको म्हणाली.

“टोमॅटो यानेच समान वाटले सूनबाई, मी बघत होतो.” मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, “सुऱ्या चांगल्या आहेत. चारही. स्वस्तात मिळाल्या तुला.” त्यांनी बाह्या खाली सोडल्या, बटणं लावायला घेतली, उजव्या हाताचं बटण काही लागेना, ते तसंच सोडलं आणि गॅलरीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीकडची खुर्ची रिकामी होती. चहाचा कप रिकामा करून अण्णा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र उघडून बसले होते. पाट ओट्याला टेकवून उभा होता. बायकोने स्वतःच भाजी चिरली. मी तिच्या मागे उभा राहिलो.

“मला कसं कळणार?” मी म्हणालो.

“मला नव्हतं माहीत?” ती म्हणाली. “चांगले चार-पाच महिने झाले. फोडी कशाही आल्या तरी मी तशाच टाकत होते आणि म्हणत होते, सुरी बोथट झाली. तेही म्हणत होते, सुरी बोथट झाली. चाललं होतं आमचं.”

“मग मला सांगायचंस.”

“सांगितलं की. एक आणा आणि ठेवा पाटावर, म्हटलं. ती आणल्यावर महिना दोन महिने बरं वाटलं असतं त्यांना. मग म्हणाले असते, ही पण गेली. मग आपण दुसरी आणली असती.” तिने चिरलेलं पातेल्यात लोटलं. “स्वस्तच असतात हो त्या.”

स्वस्त सुरीबद्दल इतक्या लोकांनी मला सल्ला दिला, पण ती कशासाठी घ्यायची असते हे मला त्या दिवशी कळलं. तिने चांगलं असण्याची गरजच नसते. तिला नावं ठेवता आली पाहिजेत.

मी पुष्कळ प्रयत्न केले. क्रमांक चार घेतली, खाली जिन्यापाशी नेऊन पायरीच्या दगडावर घासून घासून तिची धार पार घालवली. जिना उतरणाऱ्या ऑडिटरनी विचारलं, “धार लावताय?” मी हो म्हणालो. त्या माणसाला आणखी एक चाचणी सुचायला नको होती. मग वर येऊन ती अण्णांपुढे धरली.

“अण्णा, ही काही चालत नाही हो. तुम्ही आधी म्हणत होता तेच खरं, दोष सुरीचाच. जरा बघता का चिरून?”

अण्णांनी वर्तमानपत्र मांडीवर ठेवलं. सुरी उजेडाकडे धरली, एक डोळा मिटला. सुरीचं टोक थरथरत होतं, आणि आता मी ते पाहत होतो.

“दगडावर घासलीस?”

मी बोटांना लागलेली दगडाची पूड पुसली.

“एकाच बाजूने घासलीस.” त्यांनी सुरी पातं स्वतःकडे आणि मूठ माझ्याकडे करून परत दिली. “उलट बाजूनेही घास म्हणजे परत लागेल धार. चांगली सुरी आहे. बिघडवू नकोस.”

आता सकाळी भाजी मी चिरतो. बायकोने सांगितलं नाही, पण ती खुर्ची रिकामी बघवत नाही म्हणून मीच बसू लागलो. पाट तोच, डावीकडे न चिरलेलं, उजवीकडे चिरलेलं. परवा घाईत मी बटाट्याच्या अशा काही फोडी केल्या की भाजीत काही कच्च्या राहिल्या आणि काही विरघळल्या. जेवताना बायकोने एक फोड बोटाने दाबून बघितली आणि ताटाच्या कडेला ठेवली.

“सुरी बोथट झाली वाटतं,” ती म्हणाली. आवाज जरा मोठाच होता, समोर बसलेल्या अण्णांना नीट ऐकू जाईल असा.

“हो ना,” मी घाईघाईने म्हणालो. “पार गेली. भाजी चिरली जातच नाही. नवीन आणायला हवी, काय हो अण्णा?”

आम्ही दोघे घास हातात धरून थांबलो. अण्णा सावकाश चावत होते. त्यांनी पाण्याचा पेला दोन्ही हातांनी उचलला, घोट घेतला आणि दोन्ही हातांनी खाली ठेवला.

“सुरीत दोष नाही,” ते म्हणाले. “तपासून घेतलेली आहे.”